वीस जुन्या रेकॉर्ड विकायच्या आहेत? आधी टॉर्च काढा

घर आवरताना पंधरा-वीस जुन्या रेकॉर्ड हाती लागतात. त्यातल्या दोन-चार मौल्यवान असाव्यात असा संशय येतो, पण घरात ना प्लेअर असतो ना कुणाला त्यात रस. मग बहुतेक जण सगळ्यांचा मिळून एक फोटो काढतात, ‘जुन्या रेकॉर्डचा संच, भाव सांगा’ असं लिहितात आणि पहिला जो येईल त्याच्या हवाली करून मोकळे होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे इतर ठिकाणी खरं असेल, पण या बाजारात मूठ झाकलेली दिसली की घेणारा ती रिकामी धरूनच भाव करतो. ही प्रत नेमकी कोणती आणि तिची अवस्था काय, याची खात्री मिळाली तरच संग्राहक चार पैसे जास्त मोजतो. ती खात्री तुम्हालाच तयार करून द्यायची आहे. एका सुट्टीच्या दिवसात होणारं काम आहे.

सुरुवात वर्गवारीपासून करा. बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी कोलंबियाने १९४८ मध्ये आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड काढली. या दोन्ही व्हिनाइलच्या, म्हणजे जरा लवचिक असतात. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. जड आणि ठिसूळ, हातातून सुटली की तुकडेच. गठ्ठ्यात अशा तबकड्या असतील तर त्या वेगळ्या काढा. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं, त्यांचं पॅकिंगही वेगळं. आणि ‘सगळ्यात जुनी तीच सगळ्यात महाग’ हा समज इथेच सोडा. लाखो प्रती खपलेली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची रेकॉर्ड कुणी फुकटही नेत नाही, आणि थोड्याच निघालेल्या नंतरच्या एखाद्या रेकॉर्डसाठी झुंबड उडते.

आता प्रत्येक रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून बघा. कंटाळा येईल, तरी बघाच. मी पहिल्यांदा गठ्ठा विकला तेव्हा एका देखण्या कव्हरावर विसंबून राहिलो. घेणाऱ्याने उघडलं तर आत भलतीच रेकॉर्ड. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पैसे परत केले, शिवाय पार्सलचा जायचा-यायचा खर्च माझ्याच माथी आला.

रेकॉर्ड बाहेर काढली की ती कडेला आणि मधल्या लेबलला धरायची, खाचांना बोट लावायचं नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि शेवटचं गाणं संपल्यावर सुई जिथे नुसती फिरत राहते ती लेबलभोवतीची गुळगुळीत पट्टी पाहा. तिथे आकडे-अक्षरं कोरलेली किंवा ठोकलेली दिसतील. हाच मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे रेकॉर्ड कोणत्या साच्यातून निघाली त्याची खूण. सरळ उजेडात तो दिसतच नाही. प्रकाश आडवा पडला की अचानक उमटतो. आठ आहे की बी, एक आहे की नुसता ओरखडा, हे ठरवायला रेकॉर्ड दोन-तीनदा फिरवावी लागते. दोन्ही बाजूंचे क्रमांक चिठ्ठीवर जसेच्या तसे उतरवा, मधल्या रेघा आणि खुणांसकट. लेबलवरचा कॅटलॉग क्रमांकही लिहा.

एवढा खटाटोप का? तोच अल्बम, तेच कव्हर, तरी छपाई, म्हणजे साच्यातून निघालेली रेकॉर्डची तुकडी, वेगळी असली की भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या १९६९ च्या सुरुवातीच्या काही अमेरिकन प्रतींवर या पट्टीत ‘आरएल’ ही अक्षरं आहेत. रॉबर्ट लुडविग या इंजिनिअरने ज्यांच्या मूळ तबकडीवर खाचा कापल्या त्या प्रती आवाजाच्या दणक्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि संग्राहक कव्हराआधी ती दोन अक्षरं शोधतात. उलट कव्हरावर छापील बारकोड असेल तर ती साठच्या दशकातली पहिली छपाई नव्हे. रेकॉर्डच्या कव्हरांवर बारकोड आले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे.

साफसफाई बेतानेच. मऊ ब्रशने किंवा मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल धूळ काढा. फारच मळकी असेल तर थोडं डिस्टिल्ड वॉटर, पण लेबल भिजू द्यायचं नाही. शेलॅकच्या तबकडीला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव लावू नका, वरचा थरच विरघळतो. कव्हरावरचे जुने स्टिकर ओरबाडायला, फाटक्या कडेला सेलोटेप लावायला जाऊ नका. घेणाऱ्याला जुनी फाट चालते, नवी टेप चालत नाही.

मग अवस्था ठरवायची. जगभर गोल्डमाइन या अमेरिकन मासिकाची श्रेणी चालते: मिंट (अगदी कोरी), निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि त्याखाली फेअर व पुअर. शब्दांच्या अर्थावर जाऊ नका. ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हेच. वाजते, पण सतत खरखरते. ‘व्हेरी गुड’ म्हणजे गाण्यातल्या शांत जागी खरखर ऐकू येते. भाव येतो तो ‘व्हेरी गुड प्लस’पासून वर. वापरलेल्या रेकॉर्डला ‘मिंट’ म्हणणारा विक्रेता एक तर नवखा असतो नाही तर लबाड. खिडकीशी किंवा एकाच दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी करून चरे बघा, नख हलकेच आडवं फिरवा. नखाला लागणारा चरा सुईलाही लागतो. सपाट काचेवर ठेवून वाकली आहे का तेही बघा. रेकॉर्ड आणि कव्हर यांना वेगवेगळी श्रेणी द्या, आणि दोन श्रेणींमध्ये घुटमळलात तर खालची लिहा.

भावासाठी डिस्कॉग्स ही साइट पुरते. २००० साली सुरू झालेल्या या साइटवर प्रत्येक छपाईची वेगळी नोंद असते आणि आधी विकल्या गेलेल्या प्रतींचा सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त भाव दिसतो. तुम्ही उतरवलेला मॅट्रिक्स क्रमांक इथे कामी येतो. विक्रीला लावलेल्या किमती पाहून हुरळू नका, मागायला काय जातं? विकल्या गेलेल्याच बघा, आणि आपल्या प्रतीच्या अवस्थेशी ताडून.

हा हिशेब हातात आला की गठ्ठा फोडायचा की एकत्र ठेवायचा हे ठरतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं साध्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यात घातलेली दुर्मीळ रेकॉर्डही साध्याच्या भावाने जाते. माझा ठोकताळा असा: एखादी रेकॉर्ड एकटीच सगळ्या गठ्ठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी होत असेल तर ती वेगळी विकायची. उरलेल्यांचे संगीतप्रकारानुसार छोटे संच करायचे, कारण जॅझ घेणाऱ्याला त्यात नाचगाण्यांचे संग्रह नको असतात. प्रत्येक संचात एक तरी बरी रेकॉर्ड ठेवा, तीच बाकीच्यांना ओढून नेते. दुकानदाराला सगळं एकदम दिलंत तर भाव कमीच मिळेल. त्याला जागा, वेळ आणि न खपणारा माल पोसायचा असतो, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. फक्त संचाचा भाव ठरल्यावर ‘यातल्या चारच देतो का’ सुरू झालं की सरळ नाही म्हणा. मलई काढून नेल्यावर उरलेलं ताक कुणी घेत नाही.

जाहिरातीत फोटो नैसर्गिक उजेडात काढा: कव्हर पुढून-मागून, दोन्ही लेबलं, मॅट्रिक्स क्रमांक, आणि प्रत्येक दोष जवळून. वर्णन असं असू द्या: ‘रेकॉर्ड व्हेरी गुड प्लस. पहिल्या बाजूला तिसऱ्या गाण्यावर बोटभर बारीक चरा, नखाला लागत नाही, दोनदा हलकं टिक ऐकू येतं, सुई अडकत नाही. कव्हर व्हेरी गुड, वरची कड दोन इंच उसवलेली, मागे शाईने नाव लिहिलेलं. गाण्यांचा कागद आहे, पोस्टर नाही.’ वाजवून पाहिली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. असं वर्णन वाचून घासाघीस करणारे आपोआप कमी होतात, हा माझा अनुभव.

पैसे हाती आल्याशिवाय पार्सल हलवू नका. आणि पॅकिंगमध्ये नवखे हमखास एक चूक करतात: रेकॉर्ड कव्हरातच ठेवून पाठवतात. वाटेत पार्सल आदळलं की ती आतून धडक देते आणि कव्हराची कड फाडून बाहेर येते. म्हणून रेकॉर्ड तिच्या आतल्या कागदी पाकिटासकट बाहेर काढा, कव्हराच्या मागे ठेवा आणि दोन्ही मिळून एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पुढून-मागून कव्हरापेक्षा किंचित मोठे पुठ्ठे लावा. खोक्यात काही हलता कामा नये. हलवून बघा, आवाज आला तर अजून कागद कोंबा. एलपीचं वजन साधारण १२० ते १८० ग्रॅम, कव्हर वेगळं. वीसचा संच चार-पाच किलोंच्या पुढे सहज जातो, म्हणून पाठवणीचा खर्च खोकं तोलून आधीच सांगा. ट्रॅकिंग घ्याच, महाग प्रतीला विमाही.

मॅट्रिक्स क्रमांकांची चिठ्ठी आणि फोटो व्यवहार संपल्यावरही काही आठवडे जपून ठेवा. कुणी ‘चरे आहेत’ म्हणून रेकॉर्ड परत पाठवली, तर पैसे परत करण्याआधी टॉर्च तिरका धरून आपलीच प्रत परत आली आहे का, ते ताडून बघा.