गावाचा हिवाळा कसा आखावा : तुळशीच्या लग्नापासून रथसप्तमीपर्यंत

कोजागरी झाली की मी वाचनालयाच्या टेबलावर तीन गोष्टी मांडते. दिनदर्शिका, शाळांमधून आणलेली गॅदरिंगच्या तारखांची यादी आणि पेन्सिल. पेन नको, कारण तारखा हलतात.

आमचं सासवड पुण्यापासून दिवे घाट चढून आलं की लागतं. पुण्यात थंडीत रोज कुठे ना कुठे काहीतरी असतं, पण रात्री साडेनऊला तिथून निघून घाटातून परत येणं म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांच्या आयांना जमत नाही. म्हणून गावाचा हिवाळा गावातच भरला पाहिजे. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम बघते. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहिते, म्हणजे तुमच्या गावात कुणाला सुरुवात करायची असेल तर पहिली दोन वर्षं वाया जाणार नाहीत.

आधी दिवस खोडा

कार्यक्रम नंतर ठरवायचे, आधी दिवस खोडायचे. कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी आमच्याकडची वारकरी घरं आळंदीला असतात. चंपाषष्ठीला लोक जेजुरीला जातात. सोमवती अमावस्या आली असेल तर तोही दिवस गेला, कारण खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते आणि सगळा ओघ तिकडे असतो. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानकाकांचा समाधी सोहळा. त्या आठवड्यात सासवडमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही, आपणच कीर्तनाला जाऊन बसायचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळी घरोघर महालक्ष्मीची पूजा आणि सवाष्णींची ये-जा असते, तेव्हा बायकांचा कार्यक्रम ठेवलात तर दोष बायकांना देऊ नका.

तुळशीची लग्नं लागली की माणसांची लग्नं सुरू होतात, मग कार्यालय मिळत नाही आणि मंडपवाला फोन उचलत नाही. पौषात मात्र लग्नं जवळजवळ थांबतात. हॉल, खुर्च्या, स्वयंपाकी सगळं मोकळं असतं आणि मालकही दर कमी करायला तयार असतो. ज्याला मोठी जागा लागते असा एकच कार्यक्रम करायचा असेल तर तो पौषात करा.

दहावी-बारावीच्या मुलांची मदत हवी असेल तर ती जानेवारीच्या मध्यापर्यंतच. पुढे त्यांना अभ्यास करू द्यावा.

वेळ

पहिल्या वर्षी मी एक व्याख्यान संध्याकाळी सहाला ठेवलं होतं. वक्ते पुण्याहून आले, ऐंशी खुर्च्या मांडल्या आणि माणसं आली नऊ. दुसऱ्या दिवशी डेअरीवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "बाई, यायचं होतं हो. पण सहाला धारा असतात. म्हशी सोडून कसा येणार?" तो बरोबर होता. मी माझ्या सोयीची वेळ लावली होती.

थंडीत आमच्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. धारा, डेअरी, देवापाशी दिवा, पोरांचा अभ्यास, पोळ्या-भाकरी या सगळ्यातून घर साडेसातच्या आधी मोकळं होत नाही. आणि नऊनंतर गारठा माणसाला घरी ओढतो. म्हणजे तुमच्या हातात सव्वा तास आहे. साडेसातला सुरू, पावणेनऊला आभार. पाहुण्यांची ओळख दोन मिनिटांत उरका. शाल-श्रीफळाऐवजी एक पुस्तक द्या, त्यात वेळही वाचतो.

म्हाताऱ्यांसाठी वेगळा हिशेब आहे. त्यांना रात्री बोलवायचंच नाही. सकाळी अकराला, वाचनालयाच्या अंगणात, उन्हाला पाठ करून बसता येईल अशा खुर्च्या लावायच्या. रक्तदाब आणि साखर तपासणी मी याच वेळेला ठेवते. फक्त उपाशीपोटी साखर बघायची असेल तर आठला बोलवा आणि तपासून झाल्यावर हातात गरम पोहे द्या.

धुंधुरमासाची न्याहरी

हिवाळ्यातला हा कार्यक्रम मला सगळ्यात प्रिय आहे आणि करायला सोपाही आहे. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, धुंधुरमास. पहाटे स्वयंपाक करायचा, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि गरम गरम जेवायचं. घराघरांतून हे मागे पडलंय, कारण एकटीने चारला उठायचा उत्साह कुणाला राहणार? दहाजणी मिळून उठल्या की तेच काम हलकं होतं.

साठ माणसांचा माझा अंदाज असा. तांदूळ तीन किलो, मुगाची डाळ दीड किलो, भरताची वांगी सहा किलो. शिवाय लोणी, गूळ, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी मात्र जागेवर करायला जाऊ नका. एका तव्यावर तासाला वीसेक भाकरी होतात. माणशी दोन धरल्या तर तीन तवे दोन तास पेटते ठेवावे लागतील, आणि भाकरी थापणाऱ्या बाईला सूर्योदय दिसणारच नाही. त्यापेक्षा प्रत्येक घराने पाच-सहा भाकरी फडक्यात गुंडाळून आणाव्यात. खिचडी आणि भरीत तेवढं तिथे करायचं. वांग्यांना आधी चीर देऊन कीड बघून घ्या, तेलाचा हात लावा आणि पाचला निखाऱ्यात टाका. निखारे गोवऱ्यांचे असावेत. शेकोटी पेटवलीत तर तिच्यात प्लास्टिक, थर्माकोल, जुनी फ्लेक्स काही जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक माणूस नेमाच, नाहीतर पोरं हौसेने काहीही टाकतात.

त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहापर्यंत सगळी मंडळी यावीत. मागच्या वर्षी एका आजोबांनी पूर्वेकडे तोंड करून हात जोडले आणि मग लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवला. म्हणाले, "आई गेल्यावर आजच." मी तेव्हाच ठरवलं की दुसरं काही राहिलं तरी चालेल, ही न्याहरी राहणार नाही.

आकाश

13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. पुनर्वसू नक्षत्राच्या दिशेने या उल्का येताना दिसतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. हा मात्र 1983 मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीतून होतो. मुलांना हे सांगा, त्यांचे डोळे मोठे होतात. बाकीचे काही वर्षाव पहाटे दोननंतरच दिसतात, तर मिथुन रास रात्री नऊपर्यंत पूर्वेला चांगली वर येते. म्हणून शाळेची मुलंही दहा ते बारा बघून घरी जाऊ शकतात, हा याचा मोठा फायदा.

तारीख लिहिण्याआधी तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास असेल तर चंद्रप्रकाशात फिक्या उल्का दिसत नाहीत. मग उल्का हा विषय सोडून त्या रात्री चंद्रच दाखवावा. उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यामुळे आकाश आखूड होतं. लागते सतरंजी, सतरंजीखाली ताडपत्री, कारण जमिनीचा गारठा आणि दव दोन्ही अंगात शिरतात. कानटोपी, एक घोंगडी. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधायचा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि एका मोबाईलच्या उजेडात ती जाते. फोन सगळ्यांकडून पिशवीत गोळा करून घ्या. जागा गावाबाहेरची, मालकाला विचारून घेतलेली, माहितीची. पुरंदर गडावर जाऊया असं कुणीतरी म्हणतंच. गडाचा भाग लष्कराकडे आहे, तिथे रात्री जाता येत नाही.

दाखवायला जाणकार हवा असेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींना आकाश दाखवतेय. तेही नाही जमलं तर मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध एवढं ओळखणारा एक शिक्षक पुरतो. आमच्याकडे तर शेतकऱ्यांनाच ही नक्षत्रं पाठ आहेत, त्यांनाच बोलतं करा.

पक्ष्यांचं थोडक्यात. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सकाळी साडेसहाला तळ्यावर जा, पंधराहून जास्त माणसं नेऊ नका, भडक कपडे नकोत. पुढे ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. तेव्हा दुसरी फेरी ठेवा आणि परत येताना कुणाच्या तरी शेतात आगटी पेटवून हुरडा चोळा. शेतकऱ्याला हुरड्याचे पैसे द्यायचे, तो नको म्हणाला तरी द्यायचे.

पुण्याहून वक्ते किंवा गायक बोलवायचे असतील तर डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या तारखा आधी पाहा. त्या दिवसांत तबलजी मिळत नाही आणि श्रोतेही तिकडे जातात. पाहुण्यांना पंचेचाळीस मिनिटं असं पत्रातच लिहा.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. जोतीरावांचं मूळ गाव खानवडी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे हा दिवस आम्हाला घरचा. भाषणं ठेवू नका. गावातल्या पाच-सहा आज्यांना बोलवा आणि शाळेतला पहिला दिवस सांगायला सांगा. ज्यांना शाळेत जाऊ दिलं नाही, त्यांनाही बोलवा. त्यांनी सांगितलेलं नववीच्या मुलींनी लिहून घ्यायचं.

तिळगूळ

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाण. काही वर्षांपूर्वी बोरन्हाणाला एक तरुण आई बाळाला शेजारणीच्या हाती देऊन दाराबाहेर उभी राहिली. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता. तिच्या बाळावर चुरमुरे, बोरं, हलवा पडत होता आणि ती बाहेरून बघत होती. मी आत होते, मला सगळं दिसत होतं आणि मी उठले नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

पुढच्या वर्षापासून आम्ही पत्रिकेवर "हळदीकुंकू" लिहिणं बंद केलं. "तिळगूळ समारंभ, गावातल्या सगळ्या बायकांसाठी" असं लिहितो. पण नुसतं लिहून कुणी येत नाही. ज्यांना वर्षानुवर्षं वगळलं, त्यांच्या घरी दोघींनी आदल्या दिवशी स्वतः जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि न्यायला कोण येणार ते सांगून यायचं. दारात सगळ्यांना फूल आणि तिळगूळ. हळदीकुंकवाची कोयरी एका टेबलावर, जिला हवं तिने आपल्या हाताने लावावं. कुणी कुणाला विचारायचं नाही. पहिल्या रांगेत या वगळलेल्या बायका बसतील असं बघा. वाण म्हणून आम्ही वाचनालयाचं एका वर्षाचं सभासदत्व देतो. कुरकुर झाली. तेव्हा मी सांगितलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठरावच केला, आपण तर फक्त दार उघडतोय. तिसऱ्या वर्षी ती आई बाळाच्या धाकट्या चुलतभावाचं बोरन्हाण स्वतः करायला पुढे झाली.

परवानग्या आणि कागद

नगरपरिषदेची जागा आणि पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी, दोन्ही अर्ज निदान पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत. एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. आपला कार्यक्रम पावणेनऊला संपतोय, त्यामुळे हा प्रश्न तसा येत नाही.

मग सगळ्या हिवाळ्याचा एकच कागद छापा, एका बाजूला मावेल एवढाच. तारीख, वार, वेळ, जागा, काय आणावं. अक्षर मोठं. व्हॉट्सॲपवर टाकाच, पण तो संदेश दोन तासांत वर सरकून जातो. कागद डेअरीत, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, सलूनमध्ये लावा, आठवडे बाजारात हातात द्या. सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे पिठाची गिरणी. दळण होईपर्यंत बाई दहा मिनिटं उभी असते, समोर तोच कागद असतो. आम्ही गिरणीत एक वही दोरीने बांधून ठेवलीय. न्याहरीला किती भाकरी कोण आणणार, आकाश बघायला किती पोरं येणार, ते बायका तिथेच लिहितात.

यंदा त्या वहीत मागे एक पान वाढवलंय. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या आसपास, नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. डिसेंबरात सतरंजीवर पडून उल्का मोजलेल्या मुलांना तिथे न्यायचं आहे. गाडी पहाटे पाचला वाचनालयापासून निघेल. डबा आणि पाणी घरून आणायचं. मोबाईलच्या लहरींनी तिथल्या कामात अडथळा येतो, म्हणून फोन बंद ठेवायचे. नावं गिरणीतच द्या, वीस जागा आहेत आणि त्यातल्या पाच आज्यांसाठी राखल्या आहेत.