धूमकेतू गुरूच्या कुटुंबातला आहे का, हे कसे ओळखावे

१७७० च्या जूनमध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिए यांना दिसलेला एक धूमकेतू १ जुलै रोजी पृथ्वीपासून जेमतेम २३ लाख किलोमीटरवरून गेला. गणिती आंद्रेस लेक्सेल यांनी त्याची कक्षा काढली, तेव्हा त्याचा आवर्तकाल, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीचा काळ, सुमारे साडेपाच वर्षे निघाला. मग तो आधी कधीच कसा दिसला नव्हता? लेक्सेल यांनी दाखवले की १७६७ मध्ये गुरूजवळून जाताना त्याची कक्षा आत वळली होती. १७७९ मध्ये तो पुन्हा गुरूच्या तावडीत सापडला आणि त्यानंतर कोणालाही दिसला नाही. गुरूच्या ओढीने ज्यांची कक्षा ठरते अशा, म्हणजे गुरूच्या कुटुंबातल्या धूमकेतूंची ओळख आवर्तकालावरून पटवता येत नाही, कारण गुरूची एक भेट तो बदलून टाकू शकते. त्यासाठी गुरूच्या भेटीनंतरही जवळपास तसाच राहणारा आकडा हवा, आणि तो फ्रेंच गणिती फेलिक्स तिसेराँ यांनी १८८९ मध्ये दिला. तो काढायला साधा सायंटिफिक कॅलक्युलेटर पुरतो.

प्रथम धूमकेतूच्या कक्षेची तीन मूल्ये मिळवावीत. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या लघुग्रह-धूमकेतू माहितीसंग्रहात ती सहज सापडतात. अर्धदीर्घ अक्ष (अ) म्हणजे लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा निम्मा भाग, जो खगोलीय एककात (पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर म्हणजे एक एकक) घ्यावा. विकेंद्रता (व) म्हणजे कक्षा किती लांबट आहे त्याचे माप. आणि कल (क) म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी होणारा कोन. मूल्ये कोणत्या तारखेची आहेत हेही टिपून ठेवावे, कारण ती कायमची नसतात. गुरूचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर ५.२ खगोलीय एकके आहे. आता सूत्र असे:

तिसेराँ अंक = (५.२ ÷ अ) + २ × कोसाइन क × √[(अ ÷ ५.२) × (१ − व²)]

रोझेटा यान २०१४ मध्ये ज्याच्यापाशी पोहोचले, त्या चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को धूमकेतूवर हे करून पाहू. त्या काळातली मूल्ये अ = ३.४६, व = ०.६४१ आणि क = ७.०४ अंश अशी होती. पहिले पद ५.२ ÷ ३.४६ = १.५०३. वर्गमुळाच्या आत ०.६६५ × ०.५८९ = ०.३९२ येते, त्याचे वर्गमूळ ०.६२६. कोसाइनची दुप्पट १.९८५. या दोहोंचा गुणाकार १.२४३, म्हणून अंक २.७५ आला.

इथे एका चुकीबद्दल विशेष सावध करावेसे वाटते. कॅलक्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिला, तर याच उदाहरणात उत्तर २.४१ येते, आणि तेही पटण्याजोगे दिसत असल्यामुळे चूक नजरेतून निसटते. म्हणून आधी हॅलेच्या धूमकेतूवर परीक्षा घ्यावी: अ = १७.८, व = ०.९६७, क = १६२.३ अंश. हॅले ग्रहांच्या उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे कोसाइन ऋण असतो आणि उत्तर उणे ०.६ च्या आसपास यायला हवे. ते धन आले, तर अंशांची कळ तपासावी.

अंक २ ते ३ च्या दरम्यान असेल, तर धूमकेतू गुरूच्या कुटुंबातला समजतात. २ पेक्षा कमी अंक हॅलेसारख्या आणि दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूंचा असतो, तर बहुतेक लघुग्रह ३ च्या वर असतात. मात्र या सीमांना भिंती मानू नये. एंकेचा धूमकेतू सूर्याभोवती ३.३ वर्षांत फिरतो, त्याची कक्षा गुरूच्या कक्षेच्या पूर्णपणे आत आहे आणि त्याचा अंक ३.०२ येतो, तरीही तो धूमकेतूच आहे. हे सूत्रच गुरूची कक्षा वर्तुळाकार धरते आणि इतर ग्रहांची ओढ सोडून देते, त्यामुळे दुसऱ्या दशांश स्थळातल्या फरकावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही.

या अंकाचे खरे मोल दोन कक्षांची तुलना करताना कळते, आणि तिसेराँ यांचा हेतूही तोच होता: हरवलेला धूमकेतू आणि नव्याने सापडलेला धूमकेतू एकच असू शकतील का, हे तपासणे. चुर्युमोव्ह-गेरासिमेन्कोचे उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचे सर्वात कमी अंतर, १९५९ मधल्या गुरूच्या भेटीत २.७ वरून १.३ खगोलीय एककांवर आले, आणि दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याचा शोध लागला. पुढे २०२१ च्या फेरीसाठी त्याचा कल ३.८७ अंश आणि विकेंद्रता ०.६५० झाली होती. अर्धदीर्घ अक्ष ३.४६ च घेऊन ही मूल्ये सूत्रात घालावीत. कल जवळपास निम्म्यावर आला असूनही उत्तर २.७४ येते.