फोनवरचा ‘फौजी भाडेकरू’: ओळखायचा कसा, पैसे गेले तर काय करायचं

फ्लॅट भाड्याने द्यायची जाहिरात ऑनलाइन टाकली की तासाभरातच असा फोन येऊ शकतो: ‘सर, मी आर्मीत आहे, जम्मूहून पुण्याला बदली झालीये.’ बोलणं अदबीचं, भाड्यात घासाघीस नाही, घर बघायचीही गरज नाही. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड, आधार.

ही कार्डं निरखत बसू नका. बरेचदा ती खऱ्या जवानाचीच असतात, कुठून तरी हडपलेली. कार्ड अस्सल निघालं म्हणून फोनवरचा माणूस अस्सल ठरत नाही. आणि ‘हाच तो भामटा’ म्हणून ते कार्ड ग्रुपवर फिरवूही नका, बदनामी भलत्याचीच होते.

तोतया उघडा पडतो तो पैशांच्या रीतीवरून. ‘आमचं पेमेंट आर्मीच्या खात्यातून होतं. आधी तुम्ही 1 रुपया पाठवा, 2 परत येतील.’ ते येतातही, तेच आमिष. मग अनामतीएवढी रक्कम पाठवायला सांगतात आणि ती जाते ती जातेच. लष्करात अशी उलटी पद्धत नाही. जवानाचा पगार भत्त्यांसकट त्याच्याच बँक खात्यात जमा होतो आणि भाडं तो चारचौघांसारखंच भरतो. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही लागत नाही.

त्याला एवढंच सांगा: ‘करार नोंदवताना अनामत द्या.’ महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, जबाबदारी घरमालकाची. त्यात भाडेकरूचं आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. तोतया इथेच फोन ठेवतो.

स्वस्त बुलेट विकणाऱ्या ‘फौजी’चा डाव याच जातीचा. गाडी म्हणे कॅम्पात आहे, ‘आर्मी पार्सल’ने येईल; आधी वाहतूक, मग गेटपास, मग जीएसटी. गाडी आणि आरसी समोर पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, बँकेची शाखा उघडायची वाट न बघता. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा, म्हणून मिनिटं मोलाची. रक्कम, वेळ, बँकेचं नाव, व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पैसे वाचले तरी दूरसंचार विभागाच्या संचारसाथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सुविधेवर तो नंबर कळवा. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा पुढचा फोन बहुधा त्याच टोळीचा असतो.

समोरासमोर वर्दीतल्या माणसाचा संशय आला तर वाद नको, ओळखपत्र हिसकावणं तर नकोच. तो खरा जवानही असू शकतो. अंतर ठेवून 112 वर कळवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार, सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश घालणं हाच गुन्हा आहे: 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोतयेगिरी करून फसवलं तर कलम 319 लागतं, शिक्षा 5 वर्षांपर्यंत.