घरात ऑक्टोपस पाळायचाय? मग या चुका टाळा

सांगलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तरी दरवर्षी कुणाला ना कुणाला ऑक्टोपसचं वेड लागतंच. मोबाईलवर बरणीचं झाकण उघडणारा ऑक्टोपस बघायचा, मुंबईच्या विक्रेत्याला पैसे पाठवून मोकळं व्हायचं, आणि पहाटे पेठ नाक्यावर पार्सल उतरलं की मला फोन: "काका, टाकीत मीठ किती टाकू ओ?" हा प्रश्न तीन महिने आधी विचारायचा असतो. पिशवीतल्या जिवाला तीन तासही नसतात.

म्हणून नेहमीच्या चुका एकदाच लिहून टाकतोय.

पाणी मुरायच्या आत जनावर आणणं

नव्या टाकीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. ऑक्टोपस खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्याच वजनाच्या माशापेक्षा कितीतरी जास्त. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही दोन्ही मंडळी फिल्टरमध्ये आणि दगडांवर वस्तीला यायला आठवडे लागतात. त्याआधी ऑक्टोपस सोडला तर तो स्वतःच्याच घाणीत गुदमरतो.

बाटलीतले तयार जिवाणू मिळतात. मीही वापरतो, विरजणासारखे. पण बाटली ओतून दुसऱ्या दिवशी जनावर सोडणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. माझी सवय अशी: रिकाम्या टाकीत कोळंबीचा तुकडा टाकून तो कुजू द्यायचा आणि पाणी तपासायच्या किटने अमोनिया चढताना-उतरताना बघायचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आधी समुद्री खेकडा सोडायचा. तो महिनाभर धडधाकट राहिला तर मग ऑक्टोपसचं बोलू. ज्याला एवढा धीर नाही त्याने गप्पी पाळावेत. ते पाळण्यात काही कमीपणा नाही.

तांबं: सगळ्यात जास्त जीव यानेच घेतलेत

ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचं असतं. हे कुठेतरी वाचून एकाने मला विचारलं होतं, "मग तांब्याच्या हंड्यातलं पाणी चांगलंच की?" उलट आहे. पाण्यात विरघळलेलं तांबं खेकडा, कोळंबी, गोगलगाय, ऑक्टोपस या सगळ्यांना विषारी, तेही अगदी थोड्या प्रमाणात.

आता तासगावकडची एक गोष्ट. पोरगा हुशार, घरची द्राक्षबाग, पैशाची अडचण नाही. टाकी नीट मुरवलेली, पाणी गार ठेवणारा चिलर लावलेला. ऑक्टोपस आल्यावर दहाएक दिवस मस्त खेळला. मग तो बिळाबाहेर पडून राहायला लागला, रंग पांढुरका, श्वास भराभर. पोराने अमोनिया तपासला, शून्य. क्षारता बरोबर. मग आपण सगळे करतो तेच त्याने केलं, पाणी बदललं. ऑक्टोपसने शाई सोडली. शाईमुळे पुन्हा पाणी बदललं. जनावर आणखी खचलं.

मी गेलो तेव्हा टाकीकडे बघायच्या आधी विचारलं, बदलायचं पाणी कुठनं आणलंस? तर रत्नागिरीहून, आंबा घाटातून, टेम्पोत ड्रम भरून. "खरं समुद्राचं पाणी हाय काका, मिठाच्या पुडीपेक्षा भारी!" ड्रम मागच्या पडवीत होते. स्वच्छ धुतलेले, आतून चकचकीत. पण झाकण फिरवून काढलं तर त्याच्या आट्यांमध्ये निळसर पोपडा बसलेला, नखाने खरवडला तर खडूसारखा निघणारा. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "बोर्डोचा ड्रम हाय ह्यो." मोरचूद आणि चुना. छाटणीनंतर बागेवर मारायचं बोर्डो मिश्रण त्याच ड्रममध्ये कालवत होते. मोरचूद म्हणजे तांबंच की! तांबं तपासायच्या किटमध्ये टाकीचं पाणी घातलं, रंग लगेच फिरला. जनावर त्याच रात्री गेलं.

यातून एक गोष्ट पक्की धरा. पाणी बदलल्यावर तब्येत सुधारण्याऐवजी बिघडत असेल तर दोष टाकीत शोधू नका, नव्या पाण्यात शोधा. पुन्हा तेच पाणी ओतणं म्हणजे आणखी एक डोस.

तांबं घरात शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत. हल्ली घरगुती आरओ यंत्रात मुद्दाम तांबं मिसळणारी नळकांडी बसवलेली असते. माणसाला चालत असेल, इथे नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधांत बऱ्याचदा तांबं असतं. म्हणून जुनी टाकी स्वस्तात मिळाली की आधी विचारा, यात कधी औषध घातलं होतं का? दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात. माझे खाऱ्या पाण्याचे डबे, मग, पाइप सगळे वेगळे आहेत, त्यांवर लाल रंगाने खूण केलेली आहे, आणि बायकोनेसुद्धा त्यांना हात लावलेला मला चालत नाही. घरात यावरून कटकट होते, होऊ दे.

झाकण

"झाकण आहे की" हे उत्तर मला पुरत नाही. ऑक्टोपसच्या अंगात टणक असं काय, तर चोच. चोच जिथून जाते तिथून बाकीचा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातला इंकी टाकीच्या फटीतून बाहेर आला, जमिनीवरून सरपटत निचऱ्याच्या पाइपात शिरला आणि थेट समुद्र गाठला. २०१६ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. त्याच्या पाइपाच्या टोकाला समुद्र होता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये पाइपाच्या टोकाला महापालिकेचं गटार आहे.

झाकण जड असून भागत नाही, घट्ट बसलं पाहिजे. हीटरची वायर, फिल्टरचा पाइप, हवेची नळी जिथून आत जाते तीच फट. मी तिथे टाकीचा जाड स्पंज ठासून भरतो आणि चारही बाजूंनी चाप लावतो. झाकणावर वरवंटा ठेवणारेही भेटलेत. वरवंटा चांगला, पण फट तशीच. वरचं पाणी खाली फिल्टरकडे नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या तोंडाला प्लास्टिकची जाळी घट्ट बांधा, नाहीतर एक दिवस ऑक्टोपस खालच्या फिल्टरच्या टाकीत सापडेल.

सांगलीचा उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. उष्ण समुद्रातल्या लहान जातींनाही २४ ते २६ अंश पाणी लागतं. पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, तेवढ्याने भागत नाही. चिलर घ्या. परवडत नसेल तर ऑक्टोपसही परवडत नाही, विषय संपला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि गरम पाण्यात ऑक्टोपसला तो जास्त लागतो, दोन्हीकडून मार. आणि लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर टीव्ही नव्हे, टाकीचा पंप चालला पाहिजे.

पंख्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तूट भरताना साधं, तांबं न मिसळलेलं आरओचं पाणी घाला. तूट खाऱ्या पाण्याने भरून घनता वाढवून बसलेले बरेच भेटतात. घनता १.०२५ च्या आसपास ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या नळीने, मोजा. तरंगणारा स्वस्त काटा मला पटत नाही.

आता किरकोळ, पण जीव जाईल अशा

स्वयंपाकाचं मीठ किंवा खडेमीठ चालत नाही. टाकीसाठी तयार केलेलं समुद्री मीठच आणा.

दोन ऑक्टोपस एकत्र नकोत. एक दुसऱ्याला खातो.

सोबतीला मासे नकोत. एकतर ते खाल्ले जातात नाहीतर ते याला टोचून हैराण करतात.

दोनशे लिटरखाली विचारच करू नका, आणि तेही लहान जातीसाठी.

जात कोणती ते विक्रेत्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका. निळी वलयं असलेल्या छोट्या ऑक्टोपसच्या विषावर उतारा नाही, आणि तो चावल्याचं कधीकधी कळतही नाही.

सजावटीला समुद्रातून प्रवाळ आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. कोरडे दगड किंवा मातीचं मडकं आडवं ठेवा, बिळासाठी त्याला तेवढं बास.

सुका जवळा, बोंबील घालू नका. न खारवलेली गोठवलेली कोळंबी, समुद्री खेकडा ठीक. उरलेले तुकडे तासाभरात काढा.

टाकीच्या खोलीत डासांचं मशीन, स्प्रे, कॉइल बंद. हवेचा पंप तीच हवा पाण्यात ढकलतो.

दिवसभर फोकस मारून "बाहेर का येत नाही" म्हणू नका. बऱ्याच जाती रात्रीच्या. बघायचंच असेल तर मंद लाल दिवा लावा.

"खात नाही" म्हणजे नेहमी आजार नव्हे

पाणी तपासलं, तांबं नाही, तापमान बरोबर, तरी मादी बिळात बसून आहे आणि बिळाच्या छताला भातासारखे पांढरे दाणे लटकलेत? ती अंडी. अंडी घातल्यावर मादी खाणं सोडते, त्यांची राखण करते आणि त्यातच संपते. नरही म्हातारपणी खाणं टाकतो, भरकटत फिरतो, कातडी खराब होते. यावर औषध नाही; कृपा करून माशांचं औषध तर अजिबात ओतू नका. बहुतेक जातींचं आयुष्यच एक-दोन वर्षांचं. विक्रेते हे सांगत नाहीत आणि मोठं जनावर जास्त भावाने विकतात. गिऱ्हाईक खुश, कारण मोठं दिसतं. घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कारभार आटोपतो. म्हणून लहान घ्या.

आणि तो गेला म्हणून रागाच्या भरात टाकी रिकामी करू नका. पाणी बदला, फिल्टरमधला कोळसा बदला, फिल्टर चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदोनदा कोळंबीचा बारीक तुकडा टाकत राहा. जिवाणू जिवंत राहिले तर पुढच्या वेळी ते तीन महिने पुन्हा थांबावं लागणार नाही.