लोणंद ते बरड, वारी नसताना

आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालताना सामान दिंडीच्या ट्रकात, पाण्याला टँकर, जेवायला पंगत. पौषात त्याच वाटेने आपले आपण निघालो की सगळं पाठीवर येतं. म्हणून भरलेली पिशवी आधी काट्यावर ठेवा. पाच किलोच्या वर गेली, तर काय काढायचं ते घरीच ठरवा. जाड टॉवेल ठेवून पंचा घ्या, तिथूनच सुरुवात करा.

खरी तयारी पायांची. नवे बूट नकोतच. जे घालणार तेच बूट, तेच मोजे घालून महिनाभर साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढा-उतरा. मी एकदा कोरे बूट घालून निघालो. तरडगावला टाचेला फोड आला आणि पुढे फलटणपर्यंत चपलेत लंगडत गेलो. रात्री बोटांच्या बेचक्यात खोबरेल चोळा. फोड आलाच तर फोडू नका, वर पट्टी लावा.

खायला दशम्या, दुधात भिजवलेल्या, म्हणून दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पाणी दोन लिटर तरी हवं. हा पर्जन्यछायेचा मुलूख, त्यात चौपदरीकरणात बरीच जुनी झाडं गेली. चांदोबाचा लिंब, जिथे पहिलं उभं रिंगण होतं, तिथे मात्र निवांत टेका.

कारखाने सुरू असतात. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, म्हणून पहाटे अंधारात निघणार असाल तर पाठीला चमकती पट्टी लावा आणि समोरची वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चाला.

मुक्कामासाठी आधी फोन करा. वारीत उघडी असणारी दारं एरवी उघडी असतीलच असं नाही. आधार कार्ड, सुटे पैसे. फलटणला अर्धा दिवस राखून ठेवा: राममंदिर, जबरेश्वर, महानुभावांचं आबासाहेब मंदिर.

बरडहून नातेपुते, वेळापूर करत पंढरपूर गाठणार असाल तर परतीला मिरजेची रेल्वे धरा. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या पायवाटा करतात. आपल्याकडे बार्शी लाईट या जुन्या रेल्वेचे ७६२ मिलिमीटरचे अरुंद रूळ, जे १९२७ मध्ये मिरजेला पोचले होते, ते काढून तिथे ब्रॉडगेज आली. चालायला नाही, पण ढालगाव, कवठेमहांकाळ बघत बसायला छान. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. मिरजेत गाडी बदलून साताऱ्याला या. स्टेशन माहुलीला आहे, गावात नाही, तेव्हा रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा.