पेठेतून कोलकात्याला: मोठ्या क्लबातले पहिले तीन महिने

आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतलं पोरगं मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या मोठ्या फुटबॉल क्लबांच्या ज्युनिअर संघात निवडलं गेलं की संध्याकाळपर्यंत चौकात डिजिटल बोर्ड लागतो. हार, फटाके, सगळं होतं. तिथं गेल्यावर करायचं काय, हे मात्र कोण सांगत नाही. मी कोलकात्यात काही सीझन डावा बॅक खेळलो, आता शाहू स्टेडियमच्या आसपास पोरं घडवतो. म्हणून भावा, तुझ्यासाठी हे लिहितोय.

आधी कागद. तू अठराच्या आतला असशील तर फिफाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार होत नाही. पाच वर्षांचा कागद कुणी पुढं केला तर तिथंच थांब. ‘मेडिकल पास झालास तरच करार लागू’ अशी अटही चालत नाही, तपासणी सहीच्या आधी व्हायला पाहिजे. एजंट असेल तर फिफाचं लायसन्स दाखव म्हणायचं. लाजायचं काय त्यात? वडिलांना प्रत्येक पान वाचू दे आणि सही झालेली प्रत त्याच दिवशी हातात घे. बाराव्या वर्षापासून कुठल्या शाळेकडून, कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून नोंदणी होती त्याची यादीही करून ठेव. पुढं कधी बाहेरच्या देशात गेलास तर तुला घडवल्याची भरपाई त्यावरच ठरते आणि तुझ्या जुन्या संघाला चार पैसे मिळू शकतात.

मेडिकलमध्ये जुनी दुखापत लपवू नकोस. आपल्याकडं घोटा मुरगळला की हळद, पट्टी आणि रविवारी मॅच. तिथं एमआरआयमध्ये सगळं दिसतं. आधी सांगितलंस तर फिजिओ त्या घोट्यासाठी वेगळा व्यायाम देतो, लपवलंस तर तुझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

सामानात बुटांचे दोन जोड हवेत. आपला सीझन पाऊस संपल्यावर चालतो, त्यामुळं आपल्या पोरांकडं रबरी स्टडचाच, म्हणजे तळाला रबरी खुंट्या असलेलाच जोड असतो. कोलकाता लीग भर पावसाळ्यात असते. चिखलात त्या बुटांवर वळायला गेलास की थेट बसतोस. लांब स्टडचा जोड घे आणि इथंच पायात घालून मऊ करून ने.

आता कुणालाच न आवडणारी गोष्ट. घरचे आयएसएलची, म्हणजे देशातल्या वरच्या लीगची मॅच लावून तुला टीव्हीवर शोधतील. तू तिथं नसशील. तू असशील कोलकाता लीगमध्ये किंवा तरुण पोरांच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये. कोलकाता लीग १८९८ पासून चालू आहे, तिला कमी समजू नकोस. शिवाय बंगालच्या पोरांसाठी अकरात जागा ठेवायचा नियम आहे. म्हणजे बाहेरच्या पोराला उरलेल्या जागांसाठीच झगडायचं असतं. बेंचवर बसलास म्हणून रात्री आईला फोन करून रडू नकोस. ती माउली तिथून काय करणार?

सरावात सगळ्यात मोठा फरक चेंडू पायात आल्यावर कळतो. आपल्याकडं दोघांना चकवलं की स्टँडमधून शिट्ट्या पडतात, तिसऱ्याला चकवायला गेलास तरी लोक माफ करतात. तिथं कोच खेळ थांबवतो. गेल्या काही वर्षांत या क्लबांत बरेच कोच स्पॅनिश आलेत. सकाळ रोंडोनं सुरू होते, म्हणजे गोलात उभं राहून मधल्या पोरांना चेंडू न देता पास करत राहायचं, आणि दोन टचच्या वर चेंडू ठेवायचा नाही. ड्रिब्लिंग विसर असं मी म्हणत नाही. पहिल्या महिन्यात मात्र कौशल्य दाखवायच्या मागं लागू नकोस, आपल्या जागेचं काम शिक. बॅक असशील तर समोरचा विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा फॉरवर्ड, खाली उतरला की त्याच्यामागं जायचं की बाकीच्या बॅकबरोबर लाईन धरायची? आपला विंगर आत गेला की वर कधी पळायचं? हे सहायक कोचला विचार, व्हिडिओ माग. आयत्या वेळी बदली खेळाडू लागला तर तुला काही समजावून न सांगता आत पाठवता आलं पाहिजे. तसं पोरगं कोचला लवकर आठवतं.

जीपीएसचा बनियन घातला की तुझं पळणं आकड्यात येतं, तिथं सोंग चालत नाही. सराव किती जड गेला ते सांगायच्या तक्त्यात रोज ‘सोपा’ लिहिणारी पोरं मी पाहिलीत. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, त्यांचीच जाते. खरं लिही.

जेवणात मोहरीचं तेल आणि नदीतला मासा येईल. आठवडाभर नाक मुरडशील, मग मागून घेशील. तांबड्या रश्श्याचा मसाला घरून नेलास तरी मॅचच्या आदल्या दिवशी डब्याला हात लावू नकोस. सर्दी झाली म्हणून मेडिकलातून गोळी आणायची नाही, कारण सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ठरावीक प्रमाणाच्या वर ते मॅचच्या वेळी लघवीत सापडलं तर डोपिंगची केस होते. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही. ताकदीची आयुर्वेदिक पावडरसुद्धा टीमच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही.

माणसांचं थोडक्यात सांगतो. सीनिअरना ‘दादा’ म्हण. किट सांभाळणाऱ्याशी आणि माळ्याशी रोज बोल, क्लबातली खरी खबर त्यांच्याकडं असते. खोलीतला जोडीदार बहुतेक मिझोरम नाहीतर मणिपूरचा मिळेल; दोघांचं हिंदी सारखंच मोडकं, मस्त जमतं.

आणि शेवटचं, ज्यात आपली पोरं हमखास अडकतात. इथं आपल्या तालमीच्या संघाची फायनल लागली की वस्तादांचा फोन येईल, ‘दोन दिवस ये, कुणाला कळत नाही.’ नोंदणी एका वेळी एकाच क्लबाची असते. तिथल्या परवानगीशिवाय इथं उतरलास आणि गुडघा गेला तर उपचाराचा खर्च कुणी उचलणार नाही, करारही जाईल. आणि मोबाईलच्या जमान्यात कळत नाही असं काही नसतं. वस्तादांना सरळ नाही म्हणणं अवघड जातं, मला माहीत आहे. म्हणून क्लबाला पुढं कर: “काका, क्लबाचं लेखी पत्र लागतंय, त्याशिवाय उतरता येत नाही.” ते चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत. मग मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बीची तिकिटं मागायला स्वतःच फोन करतील.