विंडोजमध्ये स्क्रीनचं रिझोल्यूशन बिघडलं तर काय करावं

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि कालपर्यंत नीट दिसणारे आयकॉन एकदम थोराड झाले, कडेला काळ्या पट्ट्या आल्या, अक्षरं पुसट झाली, की आपला हात पहिल्यांदा सेटिंगकडे जातो. एकेक आकडा बदलून बघायचा आणि काही जमलं नाही की विंडोज नव्याने टाकायला मशीन दुकानात न्यायचं. एवढं करायची गरज क्वचितच पडते. समोर कुठला मॉनिटर जोडलाय हे कॉम्प्युटरला कळलंय का, हे आधी बघा.

हल्लीच्या सपाट मॉनिटरवर रंगांचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. फुल एचडी मॉनिटरवर ते आडवे १९२० आणि उभे १०८० असतात. कॉम्प्युटर किती आडव्या-उभ्या ठिपक्यांचं चित्र पाठवतो, ते त्याचं रिझोल्यूशन. कॉम्प्युटरने नेमकं तेवढंच चित्र पाठवलं तर एकेक ठिपका आपापल्या जागी बसतो. १२८० × ७२० चं चित्र पाठवलं तर त्यातला प्रत्येक ठिपका दीड ठिपक्याच्या जागेवर ताणावा लागतो. अर्धा ठिपका तर उजळता येत नाही, मग शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि कडा पुसट होतात. देवनागरीत हे लगेच कळतं. नोटपॅड उघडून ‘महाराष्ट्र, वर्ष, कुंकू’ असे दोन-चार शब्द लिहा. शिरोरेषा दुहेरी वाटली, ‘ष्ट्र’ गिचमिड झालं, अनुस्वार मागच्या पांढऱ्यात विरला, तर रिझोल्यूशन चुकलंय असं समजा.

आता दुरुस्तीला लागू. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. थोडं खाली ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ आहे. त्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असेल तो निवडा. विंडोज विचारेल, हे ठेवायचं का? नीट दिसत असेल तर ‘कीप चेंजेस’ दाबा. काहीच केलं नाही तर १५ सेकंदांनी जुनं सेटिंग आपोआप परत येतं. त्यामुळे चुकून स्क्रीन काळी झाली तरी लगेच बटणं दाबत बसू नका, तेवढा वेळ हात बांधून थांबा.

घरातल्या मोठ्यांच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट फार दिसते. अक्षरं बारीक वाटतात म्हणून कुणीतरी रिझोल्यूशनच कमी करून ठेवलेलं असतं. अक्षर मोठं होतं, पण धूसरही होतं, आणि ज्यांची नजर आधीच अधू आहे त्यांच्या डोळ्यांवर आणखी ताण येतो. रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’वरच राहू द्या आणि त्याच पानावर ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षर मोठंही होईल आणि रेखीवही राहील. एखादा जुना प्रोग्राम तरीही धूसर दिसला तर एकदा साइन आउट करून परत आत या.

योग्य आकडा यादीतच नसेल तर मात्र स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथे दोन नावं वाचायची. ‘मॉनिटर्स’खाली ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ (पीएनपी म्हणजे ‘प्लग अँड प्ले’, जोडताच आपोआप ओळख पटणारा) असेल तर सगळं ठीक आहे. ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असेल तर मॉनिटरची ओळख कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलीच नाही, आणि पहिला संशय केबलवर घ्या. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग विंडोजला चालवू देणारा प्रोग्राम, गेलेला आहे.

केबलचं एक उदाहरण सांगतो. माझ्या आत्याच्या ऑफिसात टेबल हलवलं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीन १०२४ × ७६८ वर अडकून बसली. दोन जणांनी दोनदा ड्रायव्हर टाकून पाहिला, फरक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नॉन-पीएनपी’ दिसलं तेव्हा मी मॉनिटरमागची निळ्या टोकाची व्हीजीए केबल सोडवून उजेडात धरली. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. खालच्या ओळीतली एक पिन पार आडवी झाली होती. चित्राचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वरच्या ओळीतून जातात, म्हणून चित्र येत होतं. पण मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे किती पिक्सेल, सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढायचं म्हणजे किती हर्ट्‌झ, ही साधारण १२८ बाइटांची नोंद खालच्या ओळीतल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून पाठवतो. ती वाटच बंद झाली होती. शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलीच्या टोकाच्या नळीत ती पिन अलगद घालून सरळ केली, केबल लावून दोन्ही स्क्रू पिळले आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. १९२० × १०८० यादीत हजर. (काही केबलींच्या मधल्या ओळीत एखादी पिन मुळातच नसते. ती नाही म्हणून घाबरू नका.) पिन तुटलीच असेल तर केबल बदला. मॉनिटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे एचडीएमआयची जागा असेल तर तीच केबल घ्या.

केबल काढलीच आहे तर आणखी एक बघून घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये केबल त्या कार्डात जोडायची असते, वरच्या मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) जागेत नाही.

ड्रायव्हर गेला असेल, तो बहुधा फॉरमॅटनंतर जातो, तर ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा. तिथे नसेल तर कॉम्प्युटरच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, मॉडेलचं नाव जुळवून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी अनोळखी सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. त्यांच्यासोबत नको ते मशीनमध्ये शिरतं. उलट अपडेटनंतरच बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खालच्या नावावर डबल क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. आणि चालता चालता स्क्रीन एकदम गोठली किंवा काळी पडली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून पाहा. ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढ्यापुरता नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.

मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ एवढंच दिसत असेल तर त्याला झेपत नाही असं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (मघाचे हर्ट्झ) पाठवला जातोय. सर्वात सोपं म्हणजे थोड्या वेळासाठी दुसरा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही जोडा आणि आकडे खाली आणा. ते शक्य नसेल आणि लॉगिनचा पडदा दिसत असेल, तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. पुढे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, मग पुन्हा ‘रीस्टार्ट’. येणाऱ्या यादीत ३ दाबलं की विंडोज कमी रिझोल्यूशनवर उघडतं. तिथून सेटिंग सुधारा.

प्रोजेक्टर लावल्यावर लॅपटॉपचं चित्र बिघडलं तर विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ करा. डुप्लिकेटमध्ये दोन्हीकडे एकच चित्र जातं, म्हणून दोघांना जमेल तोच आकडा निवडला जातो. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धा गायब असेल, तर विंडोजला हात न लावता टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

व्हीजीए केबलवर रिझोल्यूशन बरोबर असूनही शिरोरेषा थरथरत असेल किंवा चित्र एका बाजूला सरकलं असेल, तर मघाचं नोटपॅड पूर्ण स्क्रीनभर पसरवा, ते अक्षरांनी भरा आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. दोन-तीन सेकंद चित्र हलेल आणि मग जागेवर बसेल.